आणखी चार-पाच वर्षं

उंबरवाडी, ता. मुरबाड
२४ जुलै १९९४

चि. भगीरथ यास बायचा आशीर्वाद.

तू मद्रासला पोचल्याचं कार्ड मिळालं. पोस्टमननं दारात उभं राहून वाचलं, मंग मी त्याच्या हातातून घेऊन परत वाचलं. खोली दुसऱ्या माळ्यावर हाय नि खिडकीतून नारळी दिसतात, एवढंच लिवलंयस. जेवतोस काय, संगं कोण राहतं, त्याचं काय नाय.

इथं भाताच्या आवण्या संपत आल्या. आपलं खाचर मी नि शेजारच्या सोमीनं मिळून लावलं. आई गेली तवा तू पाळण्यात व्हतास, आबा ह्या होळीला गेले, नि आता तूही गेलास. रडगाणं गात नाय. थोरली बहीण म्हणून मीच तुला जा म्हटलं. आश्रमशाळेचे गुरुजी म्हणाले व्हते, मंगळी, बुद्धिबळात ह्या पोराला हरवणारं तालुक्यात कोण उरलं नाय, आता ह्याला हरायला बाहेर पाठव. तू सतरा वर्षांचा हायस. हरून घे पाहिजे तेवढं.

शाळेच्या सैपाकघरात पोरी मला इचारतात, भगीरथदादा तिथं दिवसभर काय करतो. मी सांगते, बसतो नि इचार करतो. त्यांना पटत नाय. चंद्रकला म्हणाली, बसायला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे.

घराची कौलं फेरायची राहिली व्हती. सोमीचा चुलतभाऊ शाम तानसाहून आला व्हता, त्यानं फेरली. तिथं मुंबईच्या पाण्याच्या पाइपलाइनीवर राखणदार हाय. बोलतो कमी. काम नीट करतो.

जेवणाचं लिव.

तुझी बाय,
मंगळी


मद्रास
१८ ऑगस्ट १९९४

ती. बाय हिस शि. सा. नमस्कार.

जेवणाचं लिवतो. सकाळी इडली, दुपारी भात, रात्री भात. नाचणीची भाकर इथं कोणाला माहीत नाय.

इथली भाषा मला येत नाय आणि माझं हिंदी ऐकून लोक दुसरीकडे बघतात. पण सराव केंद्रात बोलावं लागत नाही. पट मांडला की समोर माणूस येऊन बसतो. चार-पाच तास त्याच्या डोक्यात काय चाललंय एवढंच मी बघत असतो. वाडीतल्या कोणालाही मी तेवढं ओळखत नसेन. मग डाव संपतो, तो हात मिळवतो आणि उठून जातो. त्याचं घर कुठं, भावंडं किती, काही ठाऊक नसतं. खोलीवर येऊन मी तोच डाव पुन्हा मांडतो, दोन्ही बाजूंनी एकटाच.

माझ्या खोलीत एक मुलगा होता. महिन्याभरात रडून घरी परत गेला. मला वाटलं, मी बरा टिकलो. मग परवा इडलीच्या दुकानात एक बाई पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभी होती, अगदी तू चुलीपुढं उभी राहतेस तशी. मी काही न खाता बाहेर आलो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिवून झालं.

गेल्या आठवड्यात दोघांना हरवलं, ते दोघेही माझ्याहून मोठे होते. दिवाळीला नक्की येतो. शामभाऊंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
भगीरथ


उंबरवाडी
९ नोव्हेंबर १९९५

चि. भगीरथ यास आशीर्वाद.

ही पण दिवाळी गेली. तू कळवलं व्हतंस की स्पर्धा हाय, म्हणून मी वाट बघितली नाय. तरी भाऊबीजेला ताट केलं व्हतं. शाम आला व्हता सोमीकडं, तिनं त्याला ओवाळलं. मंग म्हणाली, तुझं पण ताट तयार हाय, तू पण ओवाळ. मी म्हटलं, नको. शाम पण म्हणाला, नको.

त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, सात-आठ वर्षं झाली. मूल पण नाय राहिलं. तानसाला एकटाच असतो, जंगलात. पाइपाच्या कडेकडेनं रोज चालतो, कुठं गळतं का बघत.

त्यानं मला एक इचारलं नि मला उत्तर देता आलं नाय, म्हणून तुला इचारते. असा मोठा खेळाडू व्हायला माणसाला किती वर्षं लागतात? म्हणजे तुझं सगळं मार्गी लागायला? मी म्हटलं, भगीरथला इचारून सांगते. बरोबर इचार करून लिव, मला त्याला सांगायचंय.

तुझी बाय


मद्रास
१६ जानेवारी १९९६

ती. बाय हिस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मला फार आवडलं. इथं मला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं.

शामभाऊंना असं सांग. सर्वांत मोठा किताब ग्रँडमास्टरचा. तो मिळवायला परदेशातल्या मोठ्या खेळाडूंबरोबर तीन स्पर्धांत ठरलेल्या दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो. त्या एकेका कामगिरीला नॉर्म म्हणतात. शिवाय नावापुढचे गुण वाढवत न्यावे लागतात. त्याच्या आधीची पायरी इंटरनॅशनल मास्टरची, ते मी यंदा होईन. म्हणजे आणखी चार-पाच वर्षं.

त्यांना खेळाची एवढी गोडी आहे हे मला माहीत नव्हतं. जंगलात एकट्या माणसाला हा खेळ चांगला. मी त्यांच्यासाठी एक लहान पट आणि मोहरी पार्सलनं पाठवतोय. पुढल्या खेपेला आलो की स्वतः शिकवीन.

तुझा,
भगीरथ


उंबरवाडी
२५ फेब्रुवारी १९९६

चि. भगीरथ यास आशीर्वाद.

पार्सल मिळालं. शामला दिलं. त्यानं डबी उघडली, एकेक सोंगटी उचलून बघितली, परत ठेवली. मी त्याला सांगितलं, चार-पाच वर्षं म्हणतोय. त्यानं डबी मिटली. मंग म्हणाला, ठीक हाय. चहा पिऊन गेला. डबी नेली संगं.

तू तुझं बघ. इकडचा इचार करू नको.

तुझी बाय


बुडापेस्ट
७ मार्च १९९९

ती. बाय हिस शि. सा. नमस्कार.

किती महिन्यांनी लिहितोय याची लाज वाटते. दुसरा नॉर्म झाला. शेवटच्या डावात बरोबरी पुरत होती आणि समोरच्याला ते माहीत होतं, म्हणून तो मला सोडत नव्हता. साडेसहा तास बसलो. शेवटी त्यानंच बरोबरी मागितली. मी हात पुढे केला आणि त्यानंतर कोणाकडे बघावं ते मला कळेना. सगळे आपापले कोट घालत होते.

मी एका म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहतो. तिला तिची भाषा सोडून दुसरी येत नाही. संध्याकाळी ती सूप करते, मला बोलावते, आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसून जेवतो. ती काहीतरी सांगते. मी मान हलवतो. त्या दिवशी मी तिला आपल्या भाषेत सगळा डाव सांगितला. हत्ती कसा अडकला, प्यादं कसं वाचवलं. तिनं मान हलवली. बरं वाटलं.

बर्फ खूप आहे. एक तुला सांगतो. तू घरात एकटी नाहीस, शेजारी सोमी आहे, शाळेची पोरं आहेत, वाडी आहे, ह्या विचारानं मला इथं झोप लागते. नाहीतर मी कधीच पळून आलो असतो.

आता एकच नॉर्म राहिला.

तुझा,
भगीरथ


उंबरवाडी
११ एप्रिल १९९९

चि. भगीरथ यास आशीर्वाद.

दुसरं काम झालं ते वाचून आनंद झाला. गुरुजींना पत्र दाखवलं, त्यांनी पोरांना वाचून दाखवलं. म्हातारीला माझा नमस्कार सांग. तिला कळणार नाय, तरी सांग.

माझी काळजी करू नको. घरात कोण ना कोण असतंच. सोमी आता इथं नाय, घरची सगळी वीटभट्टीवर गेलीत, पण ती काय येतीलच. मी मजेत हाय. झोपत जा.

तुझी बाय


उंबरवाडी
१४ जानेवारी २००१

चि. भगीरथ यास आशीर्वाद.

तू जर्मनीला पोचला असशील.

तू ग्रँडमास्टर झालास त्याला सात-आठ महिने झाले, पण मुरबाडला सत्कार झाला तवाच लोकांना खरं वाटलं. आता बाजारात मला कोण मंगळी म्हणत नाय. ग्रँडमास्टरची बहीण म्हणतात. भाजीवालीनं पण इचारलं, तुमचा भाऊ तो काय तो हाय ना?

स्टेजवर तू कोट घालून बसला व्हतास, गळ्यात हार मावत नव्हते. मला पण वर बोलावलं, साडी दिली. मी तुझ्या बाजूला बसले तवा तू माझा हात धरलास. तुझा हात गार व्हता. मला वाटलं, घरी गेल्यावर इचारू. पण घरी माणसं संपली नायत. सकाळी फोटोवाले, दुपारी तालुक्याची मंडळी, मंग सिद्धगडाकडच्या वाड्यांवरनं लोकं चालत आली तुला बघायला. दुसऱ्या दिवशी गाडी आली नि तू गेलास. सहा वर्षांनी आलास नि आपलं बोलणं झालंच नाय.

शाम पण आला व्हता सत्काराला. मागं उभा व्हता. मी त्याला तुझ्याकडं आणलं. तू त्याच्या हातात हात दिलास, नि म्हणालास, काय शामभाऊ, खेळता की नाय अजून. तो म्हणाला, नाय. तेवढ्यात तुला कोणीतरी ओढून नेलं.

मला तुझ्याशी एक बोलायचं व्हतं. ते पत्रात लिवण्यासारखं नाय. येशील तवा बोलू. पण लवकर ये.

तुझी बाय


जर्मनी
२० मे २००१

ती. बाय हिस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. खरंच बोलणं झालं नाही. पुढच्या वर्षी महिनाभर येतो, सत्कार-बित्कार काही नको, कोणाला कळवूच नको.

इथल्या एका लहान गावाच्या क्लबनं मला त्यांच्या संघात घेतलं आहे. क्लबच्या अध्यक्षांची बेकरी आहे, तिच्यावरच्या माळ्यावर मला खोली दिली आहे. पहाटेपासून पावाचा वास येतो. शनिवार-रविवारी सामने असतात, बाकीचे दिवस मी कॉम्प्युटरवर तयारी करतो. आता सगळे तसंच करतात. तेरा-चौदा वर्षांची पोरं घरी बसून मशीनबरोबर शिकतात आणि समोर येऊन पंचवीस चाली न थांबता खेळतात. त्यांना कोणी हरायला बाहेर पाठवावं लागत नाही.

तुझं काय बोलायचं होतं? घराचं काही काम असेल तर सांग, पैसे पाठवतो. घर नीट ठेव. इथं कोणी विचारलं, तुमचं घर कुठं, की मी डोळे मिटून सांगतो. ओटी, मागं करवंदीची जाळी, आणि दारात माझी बहीण.

तुझा,
भगीरथ


उंबरवाडी
२ सप्टेंबर २००३

चि. भगीरथ यास आशीर्वाद.

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाय. पत्ता बदलला का? तू मागं लिवलेला महिना पण गेला नि त्याच्या पुढचं वर्ष पण गेलं.

वाडीपर्यंत आता एसटी येते, दिवसातनं दोनदा. मुरबाडात काही लोकांकडं मोबाइल झालेत, पण इथं डोंगरामुळं रेंज नाय. म्हणून पत्रच लिव. दोन ओळी लिव.

तुझी बाय


जर्मनी
५ डिसेंबर २००३

ती. बाय हिस नमस्कार.

मी ठीक आहे. स्पर्धा एकामागून एक चालू आहेत, वेळ मिळत नाही. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत तिसरा आलो. पुढच्या वर्षी नक्की.

भगीरथ


उंबरवाडी
१३ मार्च २००५

चि. भगीरथ यास आशीर्वाद.

हे पत्र मी तीनदा लिवून फाडलं. आता जसं येईल तसं लिवते.

गेल्या वर्षी शाळेत कॉम्प्युटर आला. गुरुजी रिटायर व्हायच्या आधी त्यांनी पोरांना दाखवायला बुद्धिबळाची सीडी लावून तुझं नाव टाकलं. तुझे सगळे डाव त्यात दिसतात, तारखेनुसार. गुरुजी खालीवर बघत राहिले. मंग पोरांना खेळायला बाहेर पाठवलं नि मला सैपाकघरातनं बोलावलं. म्हणाले, मंगळी, भगीरथचा २००३ च्या उन्हाळ्यानंतर एक पण डाव नाय. त्याची तब्येत बरी हाय ना?

म्हणजे तू तिसरा आलो लिवलंस तवा तू खेळतच नव्हतास.

मी तुला इचारलं नाय. तू सांगशील म्हणून थांबले. वर्ष झालं. तू दर पत्रात स्पर्धेचं लिवतोस, मी दर पत्रात बरं झालं लिवते. मला आता ते जमत नाय.

दुसरं. वैशाखात माझं लग्न हाय. शामसंगं. मी अडतीस वर्षांची हाय, तो पंचेचाळिसाचा. वाडीतली माणसं हसतील तर हसू देत. मोठं काय करायचं नाय, सोमीच्या अंगणात होईल. शाळेतलं काम सोडलं. लग्न झालं की मी तानसाला जाणार. घराला कुलूप लावून चावी सोमीकडं ठेवीन.

तुला इचारत नाय, सांगते. आलास तर बरं वाटंल.

तुझी बाय


जर्मनी
४ एप्रिल २००५

बाय,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. रोज वाचतो.

आधी मला राग आला. घराला कुलूप, हे दोन शब्द सोडून मला दुसरं काही दिसेना. तुला वाटेल, दहा-अकरा वर्षांत दोन दिवस येणाऱ्याला काय त्याचं. पण माझ्या डोक्यात ते घर उघडंच होतं. इथं सगळं गेलं तरी तिथं तू आहेस असं मी धरून चाललो होतो. आणि शामभाऊंचं तू मला कधीच कसं सांगितलं नाहीस?

आता माझं. २००३ च्या मे महिन्यात शेवटचा सामना होता. तो जिंकला असता तर आमचा क्लब वरच्या गटात गेला असता. माझ्यासमोर चौदा वर्षांचा मुलगा होता. मी चांगला खेळलो होतो, डाव माझ्याच हातात होता. मी वजीर उचलला आणि माझा हात थरथरायला लागला. थांबेना. मला तो वजीर एका घरात ठेवायचा होता, तो शेजारच्या घरात टेकला. ठेवलेलं मोहरं परत उचलता येत नाही. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही कळलं होतं की ती चाल माझी नाही. मग त्यानं वजीर मारला, मारायलाच हवा होता.

पुढच्या दोन स्पर्धांतही तेच झालं. खोलीत एकटा मांडतो तेव्हा हात स्थिर असतो. समोर माणूस आला की सुटतो. डॉक्टर म्हणतात, हाताला काही झालेलं नाही. क्लबनं काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या वर्षी यादीत नाव घातलं नाही. अध्यक्ष भला माणूस आहे. खोली राहू दिली. मी खाली बेकरीत काम करतो. पीठ मळताना हात थरथरत नाही.

मी का आलो नाही, हे तू विचारशील. मुरबाडला ज्या माणसाला हार घातले तो माणूस आता माझ्याकडे नाही. मग कोणाला घेऊन येऊ?

लग्नाला येत नाही. मनात नाही म्हणून नव्हे. लोक मला बघायला येतील आणि तो दिवस तुझा आहे.

भगीरथ


तानसा, ता. शहापूर
१९ जून २००५

चि. भगीरथ यास बायचा आशीर्वाद, नि शामचा पण.

तुझं पत्र मी एकटीनं वाचलं. शामला तोंडी सांगितलं. तो ऐकून म्हणाला, त्याला म्हणावं, पाव करता येतो ते पण काय कमी नाय.

तू म्हणतोस, सांगितलं का नाय. सांगितलं व्हतं रे. किती वर्षं लागतात ते इचारून कळव म्हणून तुला लिवलं व्हतं. तू बुद्धिबळाचा पट पाठवलास. तुझी चूक नाय, मीच उघड लिवलं नाय. पण लाज वाटते बाईमाणसाला, ते पण आपल्या लेकरासारख्या भावाला लिवताना.

नि एक गोष्ट साफ सांगते, नायतर तू जन्मभर ओझं घेऊन फिरशील. मी तुझ्यासाठी थांबले असं मानू नको. पयली चार-पाच वर्षं तुझ्यासाठी थांबले, ते खरं. मंग तू ग्रँडमास्टर झालास. त्यानंतर मला कोण अडवत नव्हतं. पण एकटीनं राहायची सवय अशी लागली की दुसऱ्या माणसाची भीती वाटायला लागली. सांजचं दार लोटलं की आत फक्त मी. त्यात कोणी यावं असं वाटायचं नि येऊ नये असं पण वाटायचं. शाम दरसाल यायचा, कौलं फेरायचा, जायचा. गेल्या साली आलाच नाय. ताप व्हता. तवा मला कळलं की मी वाटंकडं बघत बसले व्हते, नि ते तुझ्यासाठी नव्हतं.

इथं जंगल लय हाय. शाम सकाळी पाइपावर जातो, मी जेवण करून ठेवते. आमी दोघं पण कमी बोलतो. तरी एकानं खोकलं की दुसरा मान वर करून बघतो. मला ह्याचंच नवल वाटतं.

तू कोणाला घेऊन येऊ म्हणतोस. कोणाला आणू नको. सोमीकडं चावी हाय.

तुझी बाय


उंबरवाडी
५ फेब्रुवारी २००६

ती. बाय हिस शि. सा. नमस्कार.

मी दिवाळीनंतर आलो. तुला लगेच कळवलं नाही, कारण मला आधी बघायचं होतं की मी इथं राहू शकतो का. सोमीला शपथ घातली होती, तिनं ती पाळली याचं नवल आहे.

पहिले पंधरा दिवस लोक आले. कधी परत जाणार, विचारत होते. मी म्हटलं, ठरलं नाही. मग येणं थांबलं. सोमीच्या घरचे भट्टीवर गेले. गुरुजी त्यांच्या गावाला गेलेत. शेजारची घरं बंद आहेत. संध्याकाळी पलीकडच्या वाडीतला रंगू गुरं घेऊन समोरून जातो, हात वर करतो, तेवढंच. मी तुला लिहायचो, तू एकटी नाहीस ह्या विचारानं मला झोप लागते. तू लिहायचीस, घरात कोण ना कोण असतंच. बाय, इथं कोणी नसतं गो. दिवाळी ते वैशाख इथं कोणीच नसतं. तू इथं अकरा वर्षं काढलीस.

गेल्या रविवारी मी कल्याणला गेलो. एक लहानशी स्पर्धा होती, हॉलमध्ये, कोणीही नाव द्यावं अशी. मी फक्त भगीरथ पारधी एवढंच लिवलं, पुढं काही लावलं नाही. पण त्यांनी ओळखलं. पहिल्या डावात हात थरथरला. समोर एक बँकेतले गृहस्थ होते. मी त्यांना म्हटलं, माझा हात असा आहे, थोडा वेळ लागेल. ते म्हणाले, सावकाश होऊ द्या, मला घाई नाही. असं मी आजवर कोणाला म्हटलंच नव्हतं. दिवसभरात सहा डाव खेळलो. चार जिंकलो, एक बरोबरी, एक हरलो. सहाव्या डावात हात बराच शांत होता.

परत येताना एसटीत माझं मन भरून आलं होतं. सांगायचं होतं. वाडीत उतरलो, दार उघडलं, आणि आत जाऊन उभा राहिलो. सांगायला कोणी नव्हतं. चूल पेटवली नाही, तसाच ओटीवर बसलो.

तेव्हा एक आठवलं. मी ग्रँडमास्टर झालो तेव्हा तुला तार केली होती. मे महिना होता. शाळेला सुट्टी असणार, सोमी भट्टीवर. तार आली तेव्हा तू कोणाला सांगितलंस? इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नाही.

तुझा,
भगीरथ


तानसा
१५ फेब्रुवारी २००६

चि. भगीरथ यास दोघांचा आशीर्वाद.

तू इचारलंस म्हणून सांगते.

पोस्टमननं तार वाचली, हात जोडले नि तो पुढच्या वाडीला गेला. मी आत-बाहेर केलं. गुरुजी नव्हते, पोरं नव्हती, सोमी नव्हती. वाडीत राहिलेल्या बुधूच्या म्हातारीला सांगितलं, ती म्हणाली, बरा हाय ना पोरगा, मंग झालं. तिला ऐकू कमी यायचं.

मला घरात बसवेना. लुगडं बदललं, मुरबाडपर्यंत चालत गेले, तिथनं शहापूरची गाडी धरली, तिथनं तानसा. त्याआधी मी कवा इथं आले नव्हते. शाम फिरतीवर गेला व्हता. मी पाइपाच्या कडेला सावलीत बसून राहिले. दुपार कलल्यावर तो लांबनं येताना दिसला. त्यानं मला बघितलं नि चालायचा थांबलाच. काय तरी वाईट घडलं असंल वाटलं त्याला. मी जाग्यावरनंच ओरडून सांगितलं, झाला, भगीरथ झाला. तो जवळ आला, खाली बसला. बराच येळ आमी दोघं बसून व्हतो. मंग त्यानं मला भात करून वाढला. संध्याकाळच्या गाडीनं मी परत गेले.

सांगायला माणूस लागतो रे. मला तवा एक व्हता, लांब का होईना.

आता तुला पुढच्या महिन्यात परत कल्याणला जायचं असंल तर जा. पण खेळ संपला की मुरबाडची एसटी धरू नको. कसाऱ्याची लोकल धर, आटगावला उतर. शाम तिथं सायकल घेऊन उभा राहील. त्याला रस्त्यात काय सांगू नको, घरी येऊन दोघांना एकदम सांग.

हरलास तरी ये. आमी जेवायचे थांबू.

तुझी बाय,
मंगळी